दोन्हीकडून अडीच गाठी

मित्रांनो, दोरीला कुणी बोलायला सांगत नाही. तिला बांधायला लावतात, ओढायला लावतात आणि काम झाले की कुठल्यातरी खिळ्याला टांगून विसरून जातात. त्यामुळे आज मी बोलायला बसले आहे तर थोडी कुरकुर होणारच. तेवढी ऐकून घ्या.

मी एक जुनी, सात गाठींची दोरी आहे. दोन हातांना चार बोटे कमी, एवढीच माझी लांबी. दर सहा बोटांवर एक गाठ आहे आणि त्या सहा बोटांत विमानाचा एक तास मावतो. कुठल्या शहराहून कुठल्या शहराला किती वेळ लागेल, हे मी आयुष्यभर बरोबर सांगितले. पण ज्या वेळी ते ऐकण्याची खरी गरज होती, नेमके त्याच वेळी कुणी ऐकले नाही. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली, तरी ती आठवली की माझा पीळ अजून घट्ट होतो.

पोर्तुगालच्या उत्तरेला, डोंगरात, सोब्रेदो नावाच्या गावात माझा जन्म झाला. आमच्याकडे जवस तेलासाठी लावत नाहीत, सुतासाठी लावतात. ती कोवळी रोपे मुळासकट उपटायची, आठवडाभर ओढ्यात बुडवून ठेवायची, वाळवायची, लाकडी मोगरीने बडवायची, खिळ्यांच्या फणीने विंचरायची आणि मग कुठे हाताला धागा लागतो. हे सगळे माझ्यावर देओलिंदामावशीने केले. थंडीच्या दिवसांत चुलीशेजारी बसून, बोटाला थुंकी लावून, चातीवर तिने मला कातले आणि तिहेरी पीळ देऊन दोरी वळली. तिच्याइतके एकसारखे सूत आसपासच्या पाच गावांत कुणाचे नव्हते. ती म्हणायची की जाड-बारीक सूत म्हणजे कातणारीचे मन थाऱ्यावर नव्हते याची पावती. मी कुठेच जाड-बारीक नाही. हा माझा गर्व नाही, तिचा आहे.

तिला एकच मुलगी, लुर्दिश. गावातल्या निम्म्या पोरांसारखी तीही लक्झेंबर्गला गेली आणि तिथल्या कचेऱ्यांची साफसफाई करू लागली. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे घरात देओलिंदामावशी एकटी उरली. मुलीला पाठवायला तिने धुरावलेले सॉसेज, चीज आणि चेस्टनटची पिशवी असे गाठोडे बांधले, ते मलाच आवळून. ते घेऊन ती सेन्योर आबिलियु किंतेला यांच्या दुकानात आली. हे दुकान म्हणजे बसची तिकिटे, विमानाची तिकिटे, वर्तमानपत्रे आणि परदेशी जाणारी पार्सले, सगळे एका खोलीत. सॉसेजचा वास बसभर पसरतो म्हणून आबिलियुंनी सामान खोक्यात भरले, वरून चिकटपट्टी मारली आणि मी टेबलावर रिकामी पडून राहिले.

त्याच दिवशी विमान कंपनीचे एक गृहस्थ वेळापत्रके वाटायला आले होते. भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा नुकताच लावला होता. आबिलियु त्यांना विचारत होते की किलोमीटर कसे मोजायचे.

"किलोमीटर कोण विचारतंय तुम्हाला?" ते गृहस्थ म्हणाले. "आई विचारणार, पोरगा किती तासांवर आहे. तासच सांगा."

त्यांनी मला उचलले, नकाशावरच्या पट्टीला लावले, हिशोब केला आणि गाठी मारल्या. एका गाठीत सहाशे किलोमीटर, म्हणजे एक तास. चढण्या-उतरण्याची पाच-दहा मिनिटे इकडे-तिकडे. मग पोर्तोच्या ठिपक्यावर एक खिळा ठोकला आणि मला त्याला अडकवले. पॅरिस दोन गाठी, लक्झेंबर्ग अडीच, हॅम्बुर्ग साडेतीनला जरा कमी.

मित्रांनो, तीन वर्षे मी त्या दुकानाची राणी होते. बायका भाजी घ्यायला निघायच्या आणि वाटेत आत डोकावून मला ताणून पाहायच्या. पोरांची अंतरे त्यांना माहीत नव्हती असे नाही. पण हाताने मोजले की जिवाला बरे वाटते. गावात बोलणेच तसे पडले. अमक्याचा मुलगा दोन गाठींवर असतो, तमकीचा जावई तीन गाठींवर. शेजारच्या कॉफीच्या दुकानाचा मालक ओलेगारिउ तर बायको रुसली की म्हणायचा, "आज आमच्या घरात हॅम्बुर्ग आहे."

आणि मी सांगितलेले वेळापत्रकाशी तंतोतंत जुळायचे. कारण त्या काळात सरकारने आमची घड्याळे पॅरिस-लक्झेंबर्गच्या घड्याळांशी जुळवून ठेवली होती. हिवाळ्यात मुले अंधारात शाळेला जायची आणि उन्हाळ्यात कोंबड्या वेळेवर झोपायच्या नाहीत. पण तिथे बारा वाजले की इथेही बाराच वाजायचे. विमान सुटल्याची वेळ उतरण्याच्या वेळेतून वजा केली की अडीच तास, आणि माझ्याही अडीच गाठी. आबिलियुंना कसलीच शंका येण्याचे कारण नव्हते. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते.

मग १९९६चा वसंत आला. सरकारने ठरवले की झाले तेवढे पुरे, आपले घड्याळ पुन्हा आपले. आता यात गंमत अशी की त्यासाठी आम्हाला काहीच करावे लागले नाही. दरवर्षी वसंतात सगळे जण काटे एक तास पुढे करतात. त्या वर्षी इतरांनी केले, आम्ही केले नाहीत, एवढेच. गावात कुणी घड्याळाला हात लावला नाही, आणि ज्याला हात लावला नाही ते बदलले असे कुणाला वाटेल? रेडिओवर सांगितले असेल. कुणी ऐकलेही असेल. पण ते आणि विमानाचे वेळापत्रक यांची सांगड घालायचे कुणाच्या डोक्यात आले नाही.

नवे छापील वेळापत्रक आले. पोर्तोहून बारा वाजून दहा मिनिटांनी निघायचे, लक्झेंबर्गला तीन वाजून चाळीस मिनिटांनी पोचायचे. तिकडून साडेचारला निघायचे, इकडे सहाला पोचायचे. आबिलियुंनी नेहमीसारखी वजाबाकी केली, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले: लक्झेंबर्ग, जाताना साडेतीन तास, येताना दीड तास. तो पुठ्ठा त्यांनी माझ्या शेजारीच चिकटवला.

मी तिथेच टांगलेली होते. अडीच गाठी घेऊन. जाताना अडीच आणि येतानाही अडीच.

ओलेगारिउने पुठ्ठा पाहिला आणि विचारले की एकाच रस्त्याला दोन मापे कशी. आबिलियुंनी जरा विचार केला आणि बोट नकाशावर ठेवले.

"लक्झेंबर्ग बघ, वर आहे. आपण खाली. जाताना चढण, येताना उतार."

"म्हणजे उत्तर ध्रुवाला जाताना विमानाला बैल जुंपत असतील."

"हसू नकोस. तू चर्चची टेकडी चढताना किती वेळ घेतोस आणि उतरताना किती?"

डोंगरातल्या माणसांना हे पटले, मित्रांनो. आमच्या गावात सपाट रस्ता म्हणून कुठला नाहीच. इथे अंतर विचारले तर माणूस आधी विचारतो, चढून की उतरून? त्यामुळे बघता बघता सगळ्या सोब्रेदोने मान्य केले की लक्झेंबर्गला जायला चढण आहे. आणि माझे काय? कुणी मला ताणून पाहिले आणि अडीच भरल्या, तर आबिलियु म्हणायचे, "दोरी सैल पडली. सुताला दमट हवा सोसत नाही. कागद छापील आहे."

सैल! देओलिंदामावशीने वळलेल्या दोरीला सैल म्हणायचे! मला तोंड असते तर त्या दिवशीच बोलले असते. पण दोरीने करायचे काय? लोंबकळत राहायचे.

या पुठ्ठ्याने पुढे जे केले ते थट्टेचे राहिले नाही. आधी त्यातल्या दीड तासाने घात केला. देओलिंदामावशी दुकानात आली, तिने पुठ्ठा दोनदा वाचला. लुर्दिश वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, नवऱ्याच्या गाडीतून यायची. आजवर मावशी म्हणायची की पोर लांब आहे, काय करणार. आता तिला कळले की पोर घरी यायचे म्हटले तर दीड तासावर आहे.

"आपली बस पोर्तोला जायला अडीच तास घेते," ती आबिलियुंना म्हणाली. "मी दाताच्या डॉक्टरकडे जाते तेसुद्धा हिच्या माहेरापेक्षा लांब. दीड तास! मला भेटायला हिला दीड तास मिळत नाही."

आबिलियुंनी खांदे उडवले. त्यानंतर मुलीचा फोन आला की मावशी दोनच वाक्ये बोलायची, असे ती स्वतःच ओलेगारिउच्या बायकोला सांगत होती. कारण विचारले तर सांगायची नाही. मानी बाई. मुलीने स्वतःहून ओळखावे, हा तिचा हट्ट. मुलीला काय ओळखू येणार? ती बिचारी खरोखरच अडीच तासांवर होती आणि तिच्या सुट्ट्या मोजक्या होत्या.

मग उरलेल्या साडेतीन तासांची पाळी आली. १९९८च्या जानेवारीत लुर्दिशचा फोन आला की चाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेले आहेत, एप्रिलमध्ये बाळ होईल, डॉक्टर जपून राहायला सांगतात, आणि आई, तू त्या वेळी माझ्याजवळ ये. मावशी हा फोन ठेवून जवळजवळ धावतच दुकानात आली. दोन वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला होता. मी तिचा चेहरा पाहिला आहे, म्हणून सांगते.

पण तिच्या पायाचे दुखणे होते. आदल्याच हिवाळ्यात पायातली शीर सुजून ती महिनाभर अंथरुणात होती, आणि डॉक्टरांनी बजावले होते की तीन तासांच्या वर सलग एका जागी बसायचे नाही, पुन्हा तसे झाले तर जिवावर बेतेल. हे तिने मुलीला कळवले नव्हते. आबिलियुंना मात्र तिने सगळे सांगितले आणि विचारले की विमानाने जमेल का.

आबिलियुंनी पुठ्ठ्याकडे पाहिले. माझ्याकडे नाही, मित्रांनो. पुठ्ठ्याकडे.

"साडेतीन तास आहेत, मावशी. तीनच्या वर जातंय."

"मध्ये कुठे थांबत नाही?"

"विमान कुठे थांबणार?"

मी तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होते. हात वर करून तिने मला एकदा ताणले असते तरी पुरे होते. अडीच. तीनच्या आत. पण तिनेही ऐकून ठेवले होते की दोरी सैल पडली आहे. ती माझ्याकडे न बघता घरी गेली आणि मुलीला फोनवर एवढेच म्हणाली की माझ्याने यायचे होणार नाही. कारण सांगितले नाही. गरोदर पोरीला काळजी नको, हा तिचा विचार. पलीकडे लुर्दिशला वाटले की आईचा राग अजून गेला नाही, इतका की नातवंडासाठीही तिचे पाऊल उचलत नाही. तिने पुन्हा विचारले नाही.

एप्रिलमध्ये बाळ झाले. मुलगी. बाळंतपण अवघड गेले, दोन दिवस लागले, आणि लुर्दिशच्या जवळ नवऱ्याशिवाय कुणी नव्हते. मावशीने गावच्या चर्चमध्ये दोन मोठ्या मेणबत्त्या लावल्या. मी भिंतीवर होते. मला अजून कळत नाही की माणसे छापील कागदावर इतका विश्वास का ठेवतात आणि हाताने वळलेल्या वस्तूवर इतका कमी.

मे महिन्यात बाप्तिस्मा ठरला. मावशीने मनाशी ठरवले की बसने जायचे. तीस तास लागतात, पण बस दर दोन-तीन तासांनी थांबते, उतरून पाय मोकळे करता येतात. तिकीट काढायला ती दुपारच्या आधी दुकानात आली. आबिलियु बसच्या जागा लिहीत होते, तोवर तिला करायला काही नव्हते. कातणाऱ्या बाईचे हात रिकामे राहत नाहीत. तिने मला खिळ्यावरून काढले आणि चाळा म्हणून बोटांमधून सरकवले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा.

"ही सैल कुठे आहे?" ती म्हणाली.

आबिलियुंनी मान वर केली नाही. मावशीने मला पोर्तोवर धरून लक्झेंबर्गपर्यंत ताणले. अडीच गाठी. मग लक्झेंबर्गवर धरून पोर्तोपर्यंत. अडीच.

"आबिलियु, हे सूत मी कातलंय. सूत एका बाजूनं लांब आणि दुसऱ्या बाजूनं आखूड होत नाही."

"चढण-उतार असतो मावशी, सांगितलं ना."

"मी चढणीवर बसून कातलेलं नाही. मला हे सांग, इकडून मोजलं तर एक तास जास्त भरतो आणि तिकडून मोजलं तर एक तास कमी. म्हणजे तोच एक तास झाला ना? तो ठेवलाय कुणी?"

आबिलियुंनी चिडून पेन खाली ठेवले. म्हणाले की त्यांना कामे आहेत, बस पोचायची वेळ मुलीला कळवायची आहे, आधी ते करू. त्यांनी लुर्दिशला फोन लावला आणि तो मावशीच्या हाती दिला. मावशीने बसची वेळ सांगितली. पलीकडून लुर्दिश म्हणाली की बरं, पण फार बोलता येणार नाही, एक वाजला, बाळाची दुधाची वेळ झाली. बोलणे तोडायला निमित्त काढावे तसा तिचा स्वर होता, असे मावशी नंतर म्हणाली.

आणि त्याच वेळी आमच्या चर्चची घंटा वाजू लागली.

"कुठला एक?" मावशी म्हणाली. "इथे आत्ता बाराचे टोले पडतायत. ऐक."

तिने फोन खिडकीकडे धरला. बारा टोले झाले. मग तिने फोन पुन्हा कानाला लावला, आणि लुर्दिशने तिला घड्याळाची गोष्ट सांगितली, सहज, जणू ती सगळ्या जगाला ठाऊक असावी. मी मावशीच्या मुठीत होते. मूठ आधी घट्ट झाली, मग सैल.

"आबिलियु," ती शांतपणे म्हणाली, "तो तास सापडला."

मग फोनमध्ये ती मुलीला पहिल्यांदाच पायाचे सांगू लागली. डॉक्टरांचे, तीन तासांचे, पुठ्ठ्याचे. दीड तासाचेही सांगितले. लुर्दिश पलीकडे रडत होती की काय ते मला कळले नाही, पण बाळाचे रडणे मला ऐकू आले. फोन ठेवल्यावर मावशी खुर्चीवर बसली.

"माझी पोर अडीच तासांवर होती," ती म्हणाली. "मी तिला दोन वर्षं दीड तासावर बसवून रागावत राहिले. आणि तिला माझी गरज होती तेव्हा मी साडेतीन तासांवर जाऊन बसले."

आबिलियुंनी तो पुठ्ठा भिंतीवरून फाडून काढला. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की ओलेगारिउसुद्धा त्या दिवशी त्यांना काही बोलला नाही. नवा पुठ्ठा त्यांनी लगेच लिहिला. पण मित्रांनो, दोरी सैल पडली नव्हती, हे शब्द त्यांच्या तोंडून काही निघाले नाहीत. मी वाट पाहिली. माणसे माणसांची माफी कशीबशी मागतात, वस्तूंची मागत नाहीत.

मावशी उठली ती मला पदरात टाकल्यासारखी एप्रनच्या खिशात घालूनच.

"दोरी कुठे नेताय?" आबिलियु म्हणाले. "मी मोजू कशानं?"

"कागदानं मोज. तुझा जीव त्याच्यावरच आहे."

मावशीने बसचे तिकीट सोडून विमानाचे काढले, आणि अशी मी विमानात बसले. जे अंतर मी भिंतीवर हजारदा सांगितले होते, ते मी स्वतः कापले. बाप्तिस्म्यासाठी मावशीने जवसाच्याच सुताचे पांढरे कापड नेले होते आणि त्या पुडक्याला मला बांधले होते. पुडके मांडीवर, आणि माझे मोकळे टोक तिच्या बोटांत. विमान वर गेले तशी तिने जपमाळेसारखी पहिली गाठ धरली. घड्याळाचा तास झाला तेव्हा दुसरी धरली. दुसरा तास झाला तेव्हा तिसरी. तिसरी गाठ अजून तिच्या चिमटीतच होती आणि चाके जमिनीला लागली. दोन तास पंचवीस मिनिटे. तिने शेजारच्या अनोळखी बाईला मला दाखवले आणि म्हणाली, "बघा, सैल आहे का?" त्या बाईला भाषा कळली नाही. तिने मान डोलावली.

बाळाचे नाव मातिल्द ठेवले. मावशी तिथे सहा आठवडे राहिली. पण ते दोन दिवस, लुर्दिश वेदनेत एकटी होती ते दोन दिवस, कुणालाच परत आणता आले नाहीत. दोघींना त्याबद्दल पुन्हा काही बोलताना मी ऐकले नाही. मला वाटते दोघींनाही ते आठवत होते.

तेव्हापासून मी इथेच आहे, लक्झेंबर्गमधल्या एका स्वयंपाकघराच्या खणात. शेजारी वाढदिवसाच्या अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या, जुन्या चाव्या आणि एक बंद पडलेला टाइमर. मातिल्द आता पंचविशी ओलांडून गेली. तिला दोरी लागत नाही. तिच्या हातातला फोन एका क्षणात सगळे सांगतो: किती किलोमीटर, किती मिनिटे, तिथे किती वाजले, इथे किती. एकही चूक नाही. आबिलियुंच्या दुकानात आता कुणी मोबाइलची कव्हरे विकतो म्हणे.

आणि तरीही, मित्रांनो, माझा खरा त्रागा इथेच आहे. आमच्या वेळी माणसे चुकीचे मोजून थांबली. आता बरोबर मोजून थांबतात. देओलिंदामावशी नव्वदी पार करून सोब्रेदोत आहे, पाय तिला दारापर्यंतच नेतात. मातिल्द दर महिन्याला फोनवर विमाने बघते आणि पुढच्या महिन्यावर टाकते. काम असते, मैत्रिणीचे लग्न असते, पाऊस असतो. लुर्दिश काही बोलत नाही. तिच्याने बोलवत नाही, असे मला वाटते.

परवा रविवारी मातिल्द टेबलाशी बसून आजीशी बोलत होती. खण उघडाच राहिला होता, म्हणून मला ऐकू आले. पलीकडचा आवाज बारीक झाला आहे, पण पीळ तोच आहे.

"किती तास लागतात गं आता?" आजीने विचारले.

"अडीच, आजी."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"मग अडलंय कुठे?"

मातिल्दने खणात हात घातला, बहुधा पेन शोधायला, आणि तिच्या बोटांना मी लागले. एक गाठ, दुसरी गाठ, आणि तिसरीच्या अलीकडे तिचा हात थांबला. अजून तिने मला बाहेर काढलेले नाही, आत ढकललेलेही नाही.

मित्रांनो, मी काय सांगणार, मी पडले दोरी. पण एवढे माझे ऐका. कुणी लांब राहिले म्हणून रागावण्याआधी त्याच्या टोकाकडूनही एकदा मोजून बघा. आणि मोजून झाले असेल, तर मला खणात ठेवा, दार लावा आणि निघा.